केळीचा दुसरा मुलूख पाहायला जाताना...
खान्देशातून इक्वेडोरच्या प्रवासाची तयारी : व्हिसा, पिवळे कार्ड आणि बुटाला लागलेली माती

जळगाव/धुळे : केळीचे सर्वाधिक उत्पादन घेणारा देश भारत, तर सर्वाधिक निर्यात करणारा देश इक्वेडोर. जगाच्या केळीबाजाराचे सारे कोडे या एका वाक्यात सामावले आहे. भारतात वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक केळी पिकते आणि त्यातील बहुतांश देशातच खाल्ली जाते. महाराष्ट्राहून आकाराने लहान असलेला इक्वेडोर त्याच्या अंशभर पिकवतो आणि जवळजवळ सगळी जहाजावर चढवतो. रावेर, यावल, चोपडा किंवा शिरपूरच्या तापीकाठावरील बागायतदाराला तो देश एकदा डोळ्यांनी पाहावासा वाटला, तर त्यात नवल नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. त्यानंतर निर्यातीची भाषा गावोगावी बोलली जाऊ लागली आणि अभ्यासदौऱ्यांचा विषयही चर्चेत आला.

दक्षिण अमेरिका खान्देशाला अगदीच अपरिचित नाही. जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती या नात्याने २००८ च्या एप्रिलमध्ये केलेल्या पहिल्या परदेश दौऱ्यात ब्राझील, मेक्सिको आणि चिली या देशांना भेट दिली होती. मात्र राष्ट्रप्रमुखाचा दौरा वेगळा आणि सामान्य शेतकऱ्याचा प्रवास वेगळा. तिकिटाचे पैसे भरण्याआधी काही गोष्टी नीट समजून घेतल्या नाहीत, तर हा प्रवास विमानतळावरच अडतो. आणि एक गोष्ट दुर्लक्षिली, तर प्रवास सुखरूप होऊनही घरच्या बागेचे नुकसान होऊ शकते.

व्हिसा : जुन्या माहितीवर विसंबू नये

इक्वेडोरने २००८ मध्ये जवळपास सर्वच देशांच्या नागरिकांना व्हिसाविना प्रवेश खुला केला होता. ‘इक्वेडोरला व्हिसा लागत नाही’ हे वाक्य अनेकांच्या तोंडी आजही ऐकू येते, ते तेव्हापासूनचे. प्रत्यक्षात या सवलतीचा उपयोग उत्तरेकडे अवैध मार्गाने जाण्यासाठी होऊ लागला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या देशांच्या नागरिकांवर व्हिसाची अट घालण्यात आली, त्यांत भारताचाही समावेश झाला. त्यामुळे नवी दिल्लीतील इक्वेडोरच्या दूतावासाकडून ताजे नियम समजून घेणे ही पहिली पायरी होय.

शेतकऱ्यांची खरी अडचण कागदपत्रांची असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी प्राप्तिकर विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र दोन गोष्टींची खात्री हवी असते : प्रवाशाची खर्च करण्याची ऐपत आहे आणि तो परत येणार आहे. अशा वेळी सातबारा उतारा, बँक खात्याचे सहा महिन्यांचे विवरण, केळीविक्रीच्या पावत्या आणि ज्या बागेला वा संस्थेला भेट द्यायची तिचे निमंत्रणपत्र ही कागदपत्रे उपयोगी पडतात. सातबारा मराठीत असल्याने त्याचा अधिकृत अनुवाद करून घ्यावा लागतो. काही कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ प्रमाणीकरणही मागितले जाऊ शकते. या साऱ्याला वेळ लागतो. म्हणून प्रवासाच्या किमान तीन महिने आधी तयारी सुरू करणे शहाणपणाचे.

वाटेतल्या देशाचा नियमही पाहावा लागतो. भारतातून इक्वेडोरला थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जाता येते. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले, तरी व्हिसा लागतोच, कारण तेथे उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. युरोपातील काही देश भारतीयांकडून विमानतळापुरता व्हिसा मागतात, तर काही मागत नाहीत. स्वस्त तिकीट घेतले आणि वाटेतच अडकलो, अशी वेळ येऊ नये म्हणून तिकिटाआधी हा खुलासा करून घ्यावा.

पिवळे कार्ड : परतीच्या प्रवासाची किल्ली

पीतज्वर म्हणजे ‘यलो फिव्हर’. इक्वेडोर, ब्राझील, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया आदी देश भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहेत. चिली आणि उरुग्वे त्यात नाहीत. या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

हा नियम इतका कडक का, हे समजून घेण्याजोगे आहे. पीतज्वराचा विषाणू ज्या डासामार्फत पसरतो, तो एडिस इजिप्ती डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यू पसरवणारा डास तोच. पीतज्वर मात्र भारतात नाही आणि इथल्या लोकसंख्येला त्याची लसही टोचलेली नाही. म्हणजे काडी आहे, गवतही आहे, फक्त ठिणगी बाहेरून यायची बाकी आहे. ती येऊ नये यासाठी विमानतळावर हे कार्ड तपासले जाते.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती टोचून घ्यावी लागते व त्याच केंद्रांचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांच्या केंद्रांत ही सोय आहे. लसीची एक कुपी अनेकांसाठी असते आणि उघडल्यावर ती लवकर संपवावी लागते. त्यामुळे केंद्रे ठराविक दिवशी, आधी नोंदणी करून लस देतात. जळगावहून रात्रीची गाडी पकडून जाणाऱ्याने किंवा धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघणाऱ्याने दिवस व वेळ निश्चित केल्याशिवाय खेप घालू नये. मूळ पासपोर्ट सोबत लागतो, कारण त्याचा क्रमांक कार्डावर लिहिला जातो.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध ठरते. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षे होती. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, गर्भवती महिला, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण आणि साठी ओलांडलेले प्रवासी यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बागायतदारांच्या दौऱ्यांत ज्येष्ठांची संख्या मोठी असते, हे आयोजकांनी ध्यानात ठेवायला हवे.

पैसा, वेळ आणि ताट

इक्वेडोरने २००० मध्ये आपले ‘सुक्रे’ हे चलन सोडून अमेरिकी डॉलर स्वीकारला. त्यामुळे इथूनच डॉलर नेता येतात, पुन्हा बदलून घेण्याची कटकट नाही. रोख परकीय चलन एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंत नेता येते, बाकी रक्कम कार्डावर ठेवावी. नोटा लहान घ्याव्यात. पन्नास वा शंभराची नोट लहान दुकानदार घेत नाहीत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. जळगावात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, तेव्हा तेथे मध्यरात्र असते.

राजधानी किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. जळगावची उंची जेमतेम २०० मीटर. उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस धाप लागणे, डोके दुखणे हे प्रकार होतात. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी किटोऐवजी थेट ग्वायाकिल या किनाऱ्यावरील शहराचे तिकीट काढावे. केळीचा मुलूखही तिथूनच जवळ आहे.

शाकाहारी मंडळींची आबाळ होईलच असे नाही. भात आणि घेवडा वा मसुरीची उसळ तेथे रोजची. बटाटा व चीज घातलेले ‘लोक्रो’ हे सूप, कच्च्या केळीच्या चकत्या ठेचून तळलेले ‘पाताकोन’ ही खान्देशी जिभेला मानवणारी खाद्ये आहेत. मात्र ‘कार्ने’ या स्पॅनिश शब्दाचा रूढ अर्थ लाल मांस. ‘बिनाकार्ने’ म्हटले की ताटात कोंबडी वा मासळी येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे तिन्ही नकार सांगावे लागतात. उसळीत डुकराची चरबी घातली आहे का, हेही विचारावे.

सुरक्षेचा प्रश्न

हा मुद्दा टाळून चालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये इक्वेडोर सरकारने गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ जाहीर केला आणि त्यानंतर अनेकदा आणीबाणीचे आदेश निघाले. दुर्दैवाने हा उपद्रव ग्वायास, लोस रिओस आणि एल ओरो या किनारी प्रांतांत अधिक, आणि केळीच्या बागाही तिथेच. त्याचे एक कारण केळीशीच निगडित आहे. युरोपकडे जाणाऱ्या केळीच्या कंटेनरमध्ये कोकेन दडवण्याचे प्रकार सातत्याने उघडकीस आले आहेत. म्हणून स्वतःहून हिंडण्यापेक्षा यजमान संस्थेच्या गाडीतून, दिवसाउजेडी प्रवास करावा. भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यापर्यंत पाहत राहाव्यात. परिस्थिती बिघडली, तर दौरा पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

पाहायचे काय?

ग्वायाकिलहून दक्षिणेला सुमारे तीन तासांच्या अंतरावर माचाला हे शहर आहे. ‘जगाची केळी राजधानी’ हे बिरुद ते मिरवते. शेजारीच प्वेर्तो बोलिवार हे बंदर. इथली झाडे पाहून खान्देशी माणूस चकित होणार नाही, कारण कॅव्हेंडिश गटाची केळी दोन्हीकडे आहे. ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ जळगावातही घरोघरी पोहोचली आहे. फरक आहे तो घड कापल्यानंतरचा.

आपल्याकडे घड खांद्यावरून वाहून ट्रकमध्ये रचले जातात. वाटेत साल खरचटते, डाग पडतात आणि दर्जा घसरतो. इक्वेडोरच्या बागेत तारेच्या दोरीवर घड टांगून ते थेट पॅकिंगच्या शेडपर्यंत सरकवले जातात. घड जमिनीला टेकत नाही. तेथे फण्या सुट्या करून पाण्याच्या हौदात धुतल्या जातात, चीक काढला जातो आणि साधारण १८ ते १९ किलोंच्या खोक्यांत भरून सुमारे १३ अंश तापमानात त्या जहाजावर चढतात. घडाला पिशवी चढवताना त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधतात, त्यामुळे कोणता घड किती दिवसांचा हे दुरूनच कळते. यातील फीत, पिशवी आणि हौद या गोष्टी फारशा महाग नाहीत.

भावाची व्यवस्थाही समजून घेण्याजोगी आहे. रावेर व बऱ्हाणपूरच्या रोजच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला तेथे सरकार दरवर्षी खोक्यामागे किमान भाव ठरवते, याचे अप्रूप वाटेल. तो भाव प्रत्येकाला प्रत्यक्षात मिळतोच का, हा प्रश्न तेथील लहान बागायतदारांना जरूर विचारावा. मात्र सगळेच उचलून आणता येणार नाही. विषुववृत्तावरील त्या देशात हवामान सम असते, चक्रीवादळे येत नाहीत. जळगावात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो, हिवाळ्यात दहाखाली घसरतो आणि मे-जूनमधील वादळ उभी बाग आडवी करते.

बुटाची माती

आता सर्वांत महत्त्वाचे. केळीवरील मर रोग, ज्याला पनामा रोग म्हणतात, त्याने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘ग्रो मिशेल’ ही तेव्हाची निर्यातीची जात व्यापारातून हद्दपार केली. तिची जागा रोगाला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिशने घेतली. पण याच बुरशीचा ‘टीआर-४’ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो कोलंबियात आढळला आणि त्या देशाने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. २०२१ मध्ये पेरूत, २०२३ मध्ये व्हेनेझुएलात त्याची नोंद झाली. भारतातही बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडला आहे.

या बुरशीवर परिणामकारक औषध नाही. तिचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके जिवंत राहतात. ते पसरतात बाधित कंदांतून, पाण्यातून, अवजारांना, गाडीच्या चाकांना आणि बुटांना चिकटलेल्या मातीतून. म्हणून इक्वेडोरमधील बागांच्या दारात गाड्यांसाठी निर्जंतुकीकरणाची कमान आणि माणसांसाठी पाय बुडवायचा हौद असतो. अनेक बागा पाहुण्यांना स्वतःचे बूट घालू देत नाहीत, आपले रबरी बूट देतात. काही ठिकाणी परदेशी पाहुण्यांना प्रवेशच नसतो. भारतातून आलेल्या शेतकऱ्याकडे तर साशंकतेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. त्यात अपमान मानू नये. त्यांच्या जागी आपण असतो, तर तेच केले असते.

तीच सावधगिरी परतताना घ्यायची आहे. शेतात वापरलेले बूट तेथेच सोडून यावेत. कपडे धुऊन, वाळवून मगच पेटीत ठेवावेत. एखादी चांगली जात दिसली म्हणून तिचा कंद वा पील पिशवीत दडवून आणण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वनस्पती विलगीकरणासंबंधीच्या २००३ च्या आदेशानुसार परवान्याविना रोपे व माती आणण्यास मनाई आहेच. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. तापीकाठी बागेला बाग लागून आहे, पाट एक आहे, मजूर आणि ट्रकही तेच गावोगाव फिरतात. एका शेतात रोग आला, तर तो बांधावर थांबणार नाही. घरी आल्यावरही काही दिवस बागेत न जाणे उत्तम.

पीतज्वराचे कार्ड तपासायला विमानतळावर अधिकारी उभा असतो. बुटाला लागलेली माती मात्र प्रत्येक वेळी कोणी तपासेलच असे नाही. ती तपासणी प्रवाशाने स्वतःच करायची आहे. तेवढे पाळले, तर माचालाहून येताना वहीत टिपलेली फितीची आणि हौदाची युक्ती पुढच्याच हंगामात रावेरच्या बागेत वापरून पाहता येईल.