तापमान म्हणजे ऊर्जाच काय?

किलोग्रॅम म्हणजे १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्हर येथे जतन केलेली प्लॅटिनम-इरिडियमची एक वृत्तचिती होती. आणि बर्फ, पाणी व वाफ जेथे एकत्र समतोलात राहतात त्या त्रिबिंदूचे तापमान १९५४ मध्ये २७३.१६ केल्व्हिन असे ठरवून दिलेले होते. २० मे २०१९ रोजी हे दोन्ही आधार सोडण्यात आले. त्यांच्या जागी प्लांकच्या व बोल्ट्समानच्या स्थिरांकांना कायमची मूल्ये देण्यात आली. बोल्ट्समानचा स्थिरांक आता १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात इतके ज्यूल प्रति केल्व्हिन आहे. केल्व्हिन जर असा ज्यूलवरूनच ठरतो, तर तापमान सरळ ज्यूलमध्येच का मोजू नये, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

येथे वस्तुमानाचा दाखला पुढे केला जातो. प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले असता वस्तुमानाची ऊर्जा होते, तशीच बोल्ट्समानच्या स्थिरांकाने तापमानाची होते, असे म्हणतात. हे साम्य वरवरचे आहे. स्थिर पदार्थाचे वस्तुमान व त्याची आंतरिक ऊर्जा ही एकाच राशीची दोन मापे होत. पदार्थ तापवला की त्याचे वस्तुमानही, अत्यल्प का होईना, वाढतेच. परंतु सारख्याच तापमानाचे दोन पेले पाणी एकत्र केल्यास वस्तुमान व ऊर्जा दुप्पट होतात, तापमान मात्र तेच राहते. तापमान म्हणजे कणांची सरासरी ऊर्जा, हे विद्यार्थ्यांना शिकवले जाणारे सूत्र विरल वायूपुरते ठीक आहे. हिऱ्याची विशिष्ट उष्णता त्यात बसेना. तिचा उलगडा १९०७ साली आइन्स्टाइनने पुंजकल्पनेच्या आधारे केला. पुढे १९५१ मध्ये पर्सेल व पाउंड यांनी लिथियम फ्लुओराइडच्या स्फटिकातील अणुकेंद्रांच्या परिवलनांना उणे निरपेक्ष तापमान प्राप्त करून दिले. या अवस्थेतील त्यांची ऊर्जा कोणत्याही धन तापमानाच्या अवस्थेतील ऊर्जेहून अधिक असते! ऊर्जेतील वाढीस एन्ट्रॉपीतील वाढीने भागावे, ही तापमानाची व्याख्या घेतली म्हणजे यातील विरोध नाहीसा होतो.

एन्ट्रॉपी केवळ संख्या मानल्यास तापमानाचे एकक ज्यूल होईल, हे खरे. पण प्रेरणेचे परिबल व कार्य यांचे मितीही सारखेच असतात. त्यावरून कोणी त्यांना एकरूप ठरवीत नाही. शिवाय ३०० केल्व्हिन सांगण्यास १० चा उणे २१ वा घात वापरणे कोणास सोयीचे वाटेल?

त्रिबिंदूचे तापमान आता प्रयोगाने मोजावयाचे आहे. प्रयोगशाळांतील तापमापक मात्र आजही १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान-श्रेणीनुसारच जुळवले जातात, आणि तीत २७३.१६ हा अंक पूर्वीप्रमाणेच आहे.