न काढलेल्या तिकिटांचा हिशेब

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले, ते इथल्या कापसासाठी. मुंबई-नागपूर लोहमार्ग खामगावाला बगल देऊन गेला होता. वऱ्हाडातली ही मोठी कापूसपेठ रुळांना जोडण्यासाठी जलंबहून जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा काढला गेला. त्याला किती माल मिळेल याचा अंदाज बाजारात उभं राहून बांधता येत होता. कापसाची गाठ काही आपण कशाने जायचं ते ठरवत नाही. माणूस ठरवतो.

आणि हे ठरवणं आधी सांगता येतं! सॅन फ्रान्सिस्कोच्या उपनगरांसाठी ‘बार्ट’ रेल्वे उभी राहत असताना अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी अवघ्या ७७१ जणांना विचारलं, कामाला कसे जाता, वेळ किती लागतो, पैसे किती? त्यावरून त्यांनी सांगितलं, कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक या रेल्वेने जातील. सरकारी अंदाज होता १५ टक्क्यांचा. गाड्या धावू लागल्यावर प्रत्यक्ष आकडा निघाला ६.२! मॅकफॅडन यांना २००० साली नोबेल मिळालं. मला तरी या दशांशाइतकं थक्क करणारं फार थोडं ठाऊक आहे.

या गणितात प्रत्येक प्रवासी मनातल्या तराजूत भाडं, वेळ, चालणं, थांबणं तोलत असतो. त्यात ताटकळण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड भरतं, असं अनेक अभ्यासांत आढळलंय. म्हणून जलंबला उतरून खामगावच्या गाडीची वाट पाहणं वेळापत्रकात दिसतं त्याहून महाग पडतं. सरळ जाणारी एसटी मिळाली तर माणूस तीच धरतो.

नुसती तिकिटं मोजली की आणखी एक चकवा लागतो. बुलढाणा जिल्ह्याचं ठाणं असूनही तिथे रेल्वे नाही. बुलढाण्याचा माणूस मलकापूर गाठतो नि गाडीत चढतो, त्यामुळे तो मलकापूरच्या खात्यात जमा होतो. जिथे स्टेशनच नाही तिथली मागणी तिकीटखिडकीवर शून्यच दिसणार.

शेगावचं नवल तर याहून मोठं. मुंबई-नागपूर मार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, तेव्हा शेगावातून गाडी जाऊ लागली होती. गजानन महाराज तिथे प्रकट झाले १८७८ मध्ये. आज दर्शनाला लोटणारी गर्दी त्या वेळच्या कोणत्या अभियंत्याच्या कागदावर मांडता आली असती? तिथे नुसती सरासरी काढूनही भागत नाही. प्रकटदिनाचा नि ऋषिपंचमीचा दिवस वेगळाच मोजावा लागतो.

खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. त्याचं सर्वेक्षण करणाऱ्यांनी चिखली नि देऊळगाव राजाच्या एसटी स्टँडवर उभं राहावं, आणि बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला मॅकफॅडन यांचे तेच साधे प्रश्न विचारावेत. मालगाड्यांचा हिशेब त्यानंतर मांडावा.