वरातीतलं रॉक अँड रोल

परवा जिंतूर रोडवर वरातीतल्या बँडने ‘ईना मीना डीका’ धरलं आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे नाचले. म्हटलं, यावर लिहायलाच हवं.

हे 1957 च्या ‘आशा’मधलं गाणं. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यात पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र चितळकर, आपले अण्णा. किशोरकुमार आणि आशा भोसले, दोघांनीही ते गायलंय. मला आशाबाईंचं जास्त आवडतं. भांडायला या!

या गाण्याचा ठेका रॉक अँड रोलचा. हे रॉक अँड रोल आलं ते मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमधून. 1955 मध्ये बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. दोनच वर्षांत ते वारं आपल्या सिनेमात!

हा ठेका ओळखायचा कसा? चार मात्रा मोजा. आपण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी देतो. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमकडे कान द्या.

अण्णांना हे एकाएकी सुचलं नव्हतं. 1951 च्या ‘अलबेला’तच पाश्चात्त्य ठेके होते, सोबत गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. या गोवेकर वादकांचं नाव मात्र फार कुणी घेत नाही.

ठेक्याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली विचारा. तुमच्याकडचा बँड कोणती जुनी गाणी वाजवतो, तेही सांगा.