निळ्या गावातली एकटी पाहुणी

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाल्यावर एकीने मोबाइलवर फोटो दाखवला. डोंगराच्या कुशीतलं एक गाव. भिंती निळ्या, पायऱ्या निळ्या, दारंसुद्धा निळी. "केवढा रंग लागत असेल गं!" असं एक जण म्हणाली. दुसरीने विचारलं, "इथे बाई एकटी जाते का?" आज या दोन प्रश्नांबद्दल बोलू.

गावाचं नाव शेफशावेन. आफ्रिकेच्या उत्तरेला मोरोक्को देश आहे, तिथल्या रिफ डोंगरात ते वसलं आहे. गावामागे दोन सुळके शिंगांसारखे दिसतात, त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. १४७१ साली पोर्तुगीजांना अडवायला इथे गढी बांधली. पुढे १४९२ मध्ये स्पेनमधलं ग्रानादा राज्य पडलं. तिथून घरदार सोडून आलेली मुसलमान आणि ज्यू कुटुंबं या डोंगरात राहिली. कौलारू छप्पर, मधोमध अंगण, चुन्याच्या भिंती ही घरं बांधायची रीत त्यांनी सोबत आणली.

आता निळ्या रंगाचं. आपल्याकडे दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंती सारवायचो, आठवतं? तिथेही चुन्यात निळी पूड घालतात. का, तर कोणी म्हणतं ज्यू लोक निळा रंग आभाळाचा आणि देवाचा मानत. कोणी म्हणतं डास येत नाहीत, कोणी म्हणतं घर थंड राहतं. आज पाहुणे रंग बघायलाच येतात, हेही एक कारण आहेच. पण चुना ऊन-पावसात टिकत नाही. तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो. म्हणजे फोटोतल्या त्या भिंतीमागे कुणाच्या तरी घरचे कष्ट आहेत.

आता दुसरा प्रश्न. हो, बाया तिथे एकट्या जातात. गावाला रेल्वे नाही. तेतुआन शहरातून साधारण ६० किलोमीटर बसने यायचं. बसस्थानक खाली आणि जुनं गाव वर, त्यामुळे सामान घेऊन चढ चढावा लागतो. म्हणून जाणत्या बाया उजेडी पोहोचतात, उतरायची जागा आधी ठरवतात आणि पत्ता घरी कळवतात. या डोंगरात गांजाचं पीक होतं. गल्लीत कोणी चरस घ्या म्हणालं, तर "नको" म्हणून पुढे चालायचं. थांबून बोलत बसायचं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला रास अल-मा नावाचा झरा आहे. तिथे बाया कपडे धुतात. सोमवारी आणि गुरुवारी बाजार भरतो. आसपासच्या वाड्यांतल्या बाया कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड गुंडाळून आणि लोकरीचे गोंडे लावलेली गवती टोपी घालून भाजी आणि शेळीच्या दुधाचं चीज विकायला येतात. त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं. पुष्कळ जणी तोंड फिरवतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

पाहुणीने चीज घेतलं तर पैसे थेट त्या बाईच्या हातात पडतात. नुसता दाराचा फोटो काढून ती निघून गेली, तर भिंत रंगवणारीला काहीच मिळत नाही. म्हणून काही घरांनी अंगण सजवलं आहे आणि आत येऊन फोटो काढायचे थोडे दिरहम घेतात. दिरहम म्हणजे तिथला पैसा. आम्हाला हे पटलं.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्या गटाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या केल्या, तेव्हा एक मुलगी एकटीच आली. आम्ही तिला तीनदा विचारलं, "सोबत कोण नाही?" शेजारच्या बायका बघायला आल्या. दाराला आतून कडी नीट लागत नव्हती, संडासाच्या वाटेवर दिवा नव्हता. दोन दिवस राहणार होती, ती सकाळीच गेली. भाकरी-पिठल्याचे पैसे देऊन गेली, पण परत आली नाही.

त्यानंतर आम्ही चार गोष्टी केल्या. आतून कडी बसवली. वाटेवर दिवा लावला. जेवणाचे आणि राहण्याचे दर पाटीवर लिहिले. आणि फोन बाईनेच उचलायचा असं ठरवलं. खर्च फार आला नाही. "सोबत कोण?" हा प्रश्न मात्र जिभेवरून जायला वेळ लागला. आता आम्ही विचारतो, "प्रवास नीट झाला ना? चहा ठेवू?"

तुमच्या गटाकडेही पाहुणे उतरत असतील, तर पुढच्या बैठकीत एक करा. एकीने अंधार पडल्यावर पाहुणी होऊन रस्त्यापासून खोलीपर्यंत एकटीने चालत यावं. कुठे भीती वाटली ते तिने सांगावं, आणि वहीत लिहून ठेवावं. दुरुस्ती तिथूनच सुरू करा.