पंगतीचे विज्ञान

गावची जत्रा असो, हरिनाम सप्ताहाची सांगता असो की लग्न असो, पंगत ही ठरलेलीच. पंगतीत तुम्ही नुसते जेवता, की हाती बादली घेऊन वाढायलाही जाता? वाढायला जात असाल, तर पंगत हीच तुमची प्रयोगशाळा समजा.

आधी पान कसे वाढतात ते आठवा. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात. पूर्वजांनी जीवनसत्त्वांची नावे ऐकली नव्हती. पण अनुभवाने जमवलेल्या या पानात पुष्कळ शहाणपण आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणून वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात. कडधान्याला मोड आणले, की त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोहाला अडवून धरणारे फायटिक आम्ल कमी होते. उसळीवर लिंबू पिळले, तर तिच्यातले लोह आतड्यात अधिक सहज शोषले जाते.

मग बिघडते कुठे? प्रमाणात. कोशिंबीर चमचाभर आणि बुंदी मात्र मूठभर! तेलाचा तवंग, भरपूर मीठ, वर लोणचे आणि पापड. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ खावे. तेव्हा पदार्थ बदलण्याची गरज नाही. कोशिंबीर आणि उसळ दुप्पट करा, गोड निम्मे करा, मीठ बेताचे घाला, की तीच पंगत अधिक पौष्टिक होते.

आता नासाडीकडे वळू. समजा, 200 माणसांनी पानात प्रत्येकी फक्त 50 ग्रॅम भात टाकला. झाला 10 किलो! शिजल्यावर तांदळाचे वजन सुमारे अडीचपट होते. म्हणजे वाया गेले अंदाजे 4 किलो तांदूळ. एक किलो साळ पिकवायला शेताला सुमारे 2,500 लिटर पाणी लागते, आणि कांडल्यावर तिचा तांदूळ त्याहून कमीच भरतो. हिशेब करा: चार किलो तांदळाला निदान 10,000 लिटर पाणी, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणारा एक मोठा टँकर! संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली जगात घरे, खानावळी आणि दुकाने मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेले.

तुम्ही म्हणाल, “उरलेले अन्न गरजूंना वाटून टाकू.” विचार चांगला आहे, पण इथे सावध राहायला हवे. पानातले उष्टे कुणाला द्यायचे नाही, हे उघडच आहे. पातेल्यातले अन्नही किती वेळाने देता, याला महत्त्व आहे. एक लिटरचा घन घ्या. त्याची बाजू 10 सेंटिमीटर आणि पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर. बाजू 40 सेंटिमीटर केली, तर त्यात 64 लिटर मावतात. पण दर लिटरमागे पृष्ठभाग उरतो फक्त 150 चौरस सेंटिमीटर. उष्णता बाहेर जाते पृष्ठभागातून. म्हणूनच मोठ्या पातेल्यातला भात तासन्‌तास कोमट राहतो. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले एक विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही! म्हणून शिजलेले अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावे, किंवा उथळ परातींत पसरून लवकर निववावे आणि थंड जागी ठेवावे. दोन तासांहून अधिक वेळ कोमट राहिलेले अन्न वाटू नये.

म्हणजे उरल्यावर धावपळ करण्यापेक्षा उरूच न देणे बरे. ते कसे साधेल? पुढच्या पंगतीत हा प्रयोग करून पाहा.

साहित्य: तीन बादल्या, ताणकाटा, वही.

कृती: पहिल्या बादलीत पानावर टाकलेले अन्न, दुसरीत पातेल्यात उरलेले, तिसरीत साली, देठ आणि शेवग्याची चोथटे गोळा करा. प्रत्येकाचे वजन घ्या. पहिल्या दोन वजनांना जेवणाऱ्यांच्या संख्येने भागा. एका पंगतीत नेहमीसारखे वाढा. दुसरीत पहिल्या वेळी निम्मेच वाढा आणि मग विचारून हवे तेवढे द्या. आग्रह जरूर करावा, पण पान पाहून! स्वयंपाक दोन्ही पंगतींना एकच असावा. मुले आणि मोठी माणसेही दोन्हीकडे सारख्या प्रमाणात बसवावीत. नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही.

मात्र एक पथ्य पाळा. कोणी किती टाकले, त्यांची नावे लिहू नका. यजमानांना आणि आचाऱ्यांना फक्त आकडे दाखवा. पुढच्या वेळी तांदूळ किती घ्यायचा, हे मग अंदाजाऐवजी वहीवरून ठरेल.

शिक्षकांनाही एक विनंती. शालेय पोषण आहारात गावकऱ्यांनी एखाद्या दिवशी मुलांना जेवण देण्याची ‘तिथी भोजन’ ही पद्धत आहे. तो दिवस या प्रयोगाला फार सोयीचा. तिसऱ्या बादलीतल्या सालींचे काय करायचे? शाळेच्या बागेत खतासाठी खड्डा खणलेला आहे ना?