पुण्यातील जपानी उद्यान

वसईच्या वाडीत जो लहानाचा मोठा झाला, त्यास बाग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. विहीर, पाट, केळीच्या रांगा आणि फुलझाडांचे वाफे! तेथील प्रत्येक झाड काही ना काही उत्पन्न देण्यासाठी लाविलेले असते. असा मनुष्य पुण्यास सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात गेला, तर प्रथम तो थोडा गोंधळतो. बाहेर वाहनांची वर्दळ आणि उंच इमारती. आत मात्र हिरवळ, संथ पाणी, लहान पूल आणि दगड. मग येथे पाहावयाचे तरी काय?

ओकायामा ह्या जपानी शहरात ‘कोराकुएन’ नावाचे एक जुने उद्यान आहे. त्याच्याच धर्तीवर पुण्यातील हे सुमारे १० एकरांचे उद्यान रचलेले आहे. इकेदा त्सुनामासा ह्या सरदाराने १६८७ मध्ये कोराकुएनच्या कामास आरंभ केला व १७०० मध्ये ते पूर्ण झाले. जपानी उद्यानात निसर्गाचे लहान रूप उभे केलेले असते. तळे म्हणजे सरोवर, मातीचा उंचवटा म्हणजे डोंगर. वाट मुद्दाम वळणावळणाची असते. त्यामुळे सारे काही एकाच वेळी दिसत नाही, पावलागणिक देखावा पालटतो. पुण्याच्या उद्यानात जवळच्या कालव्याचे पाणी खेळविले आहे. कोराकुएनमध्ये तर भाताची खाचरे आणि चहाचा मळाही आहे. म्हणजे वाडीतील माणसास वाटते तितके हे उद्यान परके नाही.

१८८४ मध्ये कोराकुएन सर्व लोकांसाठी खुले झाले. पुढे १९३४ च्या महापुराने व १९४५ च्या बाँबवर्षावाने त्याची मोठी हानी झाली. परंतु उद्यानाची जुनी चित्रे व आराखडे लोकांनी जपून ठेविले होते. त्यांच्या आधारे ते पुन्हा पूर्वीसारखे उभारण्यात आले. ती चित्रे नसती, तर आज पुण्यास कित्ता तरी कशाचा मिळाला असता?

आज वसई-विरारमध्ये अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. विहीर कोठे होती, पाट कोणत्या वाटेने जाई, कोणती झाडे कशी लाविली होती, हे वडीलधाऱ्यांना अजून आठवते. ते विचारून कागदावर उतरविणे मुलांनाही अवघड नाही. बाग हातांनी लावावी लागते, हे खरे. परंतु ती पुढच्या पिढीस कळावी, तर तिची नोंदही कोणीतरी ठेवावी लागते.