एम २० म्हणजे नेमकं काय? काँक्रीटमधलं गुणोत्तर, सरासरी आणि पाणी



सहावीला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना वह्या-पेनं, आंबे, वडील-मुलाचं वय अशी उदाहरणं येतात. ती ठीकच आहेत. पण डाळज, भिगवण, इंदापूर या आपल्या पट्ट्यातल्या मुलांनी त्याहून जवळचं एक गुणोत्तर रोज ऐकलेलं असतं. गल्लीत कुणाच्या तरी घरकुलाचा स्लॅब पडत असतो आणि मिस्त्री बिगाऱ्याला सांगत असतो, "एकास दीड, तीन." एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. यालाच लोक एम २० चा माल म्हणतात. या एका ओळीत गुणोत्तर, सरासरी, घनफळ, वजन असं निम्मं गणिताचं पुस्तक दडलेलं आहे. शिवाय त्याच स्लॅबखाली आपली मुलं झोपणार आहेत, म्हणून हा विषय पालकांनीही वाचावा.

आधी एम २० हे नाव पाहू. 'एम' म्हणजे मिक्स, मिश्रण. २० म्हणजे २८ दिवसांनी त्या काँक्रीटच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. हा ठोकळा १५० मिलिमीटर बाजूचा घन असतो. आता मुलांना हिशोब घालू. एका पृष्ठाचं क्षेत्रफळ १५० × १५० = २२,५०० चौरस मिलिमीटर. त्याला २० ने गुणलं की ४,५०,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४६ टन. दहा टन ऊस भरलेल्या साडेचार ट्रॉल्या एकावर एक रचून वीतभर ठोकळ्यावर ठेवल्यासारखं झालं. वर्गात हे सांगितलं की पोरं आधी हसतात, मग गुणाकार पुन्हा करून बघतात.

आता खरी गंमत. २० ची ताकद पाहिजे म्हणून इंजिनिअर २० चं मिश्रण ठरवत नाही. तो २६.६ चं ठरवतो. का?

हे शिक्षकांना लगेच कळेल. समजा पास व्हायला ३५ गुण लागतात आणि वर्गाची सरासरी बरोबर ३५ आली. आपण खूश व्हायचं का? नाही, कारण निम्मा वर्ग नापास झालेला असेल. जवळपास सगळे पास व्हायचे तर सरासरी ३५ च्या बरीच वर हवी. किती वर, ते गुण किती विखुरलेले आहेत यावर ठरतं. ठोकळ्यांचंही तसंच आहे. एकाच दिवशी, एकाच मिक्सरमधून काढलेले ठोकळे सारखे भरत नाहीत. कुठे पाणी जास्त, कुठे खडी कमी, कुठे धुमस नीट झालेली नाही. शंभरातले पाचच ठोकळे २० च्या खाली जावेत अशी अट भारतीय मानक आयएस ४५६ ने घातली आहे. त्यासाठी सूत्र आहे:

लक्ष्य ताकद = ठरवलेली ताकद + १.६५ × विखुरणं

हे 'विखुरणं' म्हणजे प्रमाण विचलन. एम २० साठी सुरुवातीला ते ४ धरतात. म्हणून २० + १.६५ × ४ = २६.६. काम बेफिकीर असेल तर विचलन वाढतं, लक्ष्य वर जातं आणि सिमेंट जास्त लागतं. माप नीट घेणाऱ्या मिस्त्रीकडे तीच ताकद कमी पैशात मिळते. माझ्या मते सरासरी आणि विचलन शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. आपण मात्र सरासरीपाशीच थांबतो.

पुढचा टप्पा पाण्याचा. १९१८ साली अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी असंख्य ठोकळे फोडून दाखवलं की साहित्य तेच असेल तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भागच पाणी लागतं. बाकीचं आपण माल हलावा, पसरावा म्हणून घालतो. ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. जितक्या पोकळ्या जास्त तितकी ताकद कमी, आणि तिथूनच ओल सळईपर्यंत पोचते.

मिश्रण ठरवायची पद्धत आयएस १०२६२ मध्ये दिलेली आहे. २०१९ ची आवृत्ती सध्या चालते. आपण एक उदाहरण करू. खडी २० मिलिमीटरची, काळ्या दगडाची, कोनदार. अशा खडीला एका घनमीटरला १८६ लिटर पाणी धरतात, आणि माल थोडा जास्त सैल हवा असेल तर तीन टक्के वाढवतात. झालं १९२ लिटर. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० घेतलं तर सिमेंट १९२ ÷ ०.५० = ३८४ किलो.

आता घनफळ. सिमेंट पाण्याच्या ३.१५ पट जड, म्हणून त्याने व्यापलेली जागा ३८४ ÷ ३१५० = ०.१२२ घनमीटर. पाण्याची ०.१९२. एक टक्का हवा अडकतेच, ती ०.०१. एक घनमीटरातून हे सगळं वजा केलं की उरले ०.६७६. ही जागा वाळू आणि खडीची. त्यात ६२ टक्के खडी धरली आणि तिची सापेक्ष घनता २.८०, क्रश सँडची २.७० मानली, तर खडी सुमारे ११७४ किलो आणि वाळू सुमारे ६९४ किलो येते. एका ५० किलोच्या गोणीला उतरवलं तर: पाणी २५ लिटर, वाळू ९० किलो, खडी १५३ किलो.

गुणोत्तर झालं १ : १.८ : ३.०६. म्हणजे 'एकास दीड, तीन' च्या जवळच, पण तेच नाही. आणि हे वजनाचं आहे, घमेल्याचं नाही. खडी बदलली, वाळू बारीक आली, की आकडे बदलणार. म्हणून कागदावरचा हिशोब झाला तरी आधी चाचणीचा माल करतात, गुणोत्तर थोडं कमी-जास्त करून पुन्हा ठोकळे काढतात, आणि २८ दिवसांनी फोडून मगच प्रमाण पक्कं करतात. नगर जिल्ह्यातल्या घाटघरची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, भारतातली अशी पहिली. तिथे सिमेंटपेक्षा फ्लाय अॅश जास्त आणि माल इतका कोरडा की त्यावर रोलर चालतो. आपल्या घरकुलाच्या स्लॅबला ते मिश्रण चालणार नाही. काम वेगळं, प्रमाण वेगळं.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा बादलीत. माल घट्ट वाटला की बिगारी मिक्सरमध्ये अर्धी बादली पाणी आणखी ओततो. गोणीमागे २५ लिटरचे ३२ झाले तर गुणोत्तर ०.६४. आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटला सौम्य हवामानातसुद्धा ०.५५ च्या वर जाता येत नाही, म्हणजे गोणीला साडेसत्तावीस लिटर ही हद्द. माल सैल हवा असेल तर पाणी आणि सिमेंट दोन्ही त्याच गुणोत्तरात वाढवावं, किंवा प्लास्टिसायझर वापरावं. पालकहो, घरचा स्लॅब पडताना तुम्ही सिमेंटच्या गोण्या मोजता. बादल्याही मोजा. मिस्त्रीला राग येऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुसरी चोरवाट ओली वाळू. ९० किलो वाळूत पाच टक्के ओल असेल तर साडेचार लिटर पाणी वाळूबरोबरच आलं. मग वरून २५ नाही, साडेवीस लिटरच घालायचं, आणि ओली वाळू साडेचौऱ्याण्णव किलो घ्यायची.

स्लॅब पडल्यावर पाणी मात्र भरपूर हवं. आळी करून पाणी साठवा. आपल्याकडे बऱ्याचदा पीपीसी सिमेंट असतं, त्याला किमान दहा दिवस, आणि एप्रिल-मेच्या उन्हात चौदा दिवस. मालात जास्त पाणी वाईट आणि वरून जास्त पाणी चांगलं, हा फरक मुलांना एकदा समजावून सांगावा लागतो.

वर्गासाठी एक प्रयोग. काचेच्या सरळ बरणीत ओलसर वाळू न दाबता २० सेंटिमीटर भरा. मग ती काढून घ्या, बरणीत निम्मं पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू सोडून हलवा. वाळू बसेल, समजा १६ सेंटिमीटरवर. कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरामुळे ओलसर वाळू फुगलेली असते, ती पूर्ण बुडाली की फुगवटा जातो. इथे ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के फुगवटा. आता मुलांना विचारा: फर्म्याने मोजून चार फर्मे कोरडी वाळू लागत असेल, तर ही ओलसर वाळू किती फर्मे घ्यायची? पाच. चारच घेतली तर माल कसा होईल, हे त्यांनाच फळ्यावर लिहू द्या.